राखेवरचे पाणी

दिवाळी सरून थंडी जरा स्थिरावली की एखाद्या संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले सोवळे काढायला जावे आणि वाऱ्याबरोबर तो वास यावा. आधी कडवट, मग गोड, मग किंचित करपल्यासारखा. कुठे तरी गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाची चिपाडे धडधडत असतात, काहिलीत रस उकळत असतो, आणि त्याहून दूर कारखान्यावरून मळीचा जड, आंबूस वास निघालेला असतो. कोल्हापुरात राहणाऱ्याला गळिताच्या हंगामासाठी पंचांग उघडावे लागत नाही. उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर मागाहून दिसतात. नाकाला ते आधी कळलेले असते.

यंदाही तो वास आला आणि मी सोवळे हातात घेऊन दोरीजवळ तसाच उभा राहिलो. गेल्या हंगामात याच वेळेला मला फोन येत असे. पलीकडून विश्वास विचारी, "शास्त्री, आला का रं वास?"

पेठ वडगावच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचे घर. दारावरून उसाच्या गाड्या जात. चुलतभावाचे गुऱ्हाळ हाकेच्या अंतरावर. धूर त्याला खिडकीतून दिसे. तरी तो शहरात राहणाऱ्या मला विचारी, कारण त्याच्या नाकाला काहीच येत नव्हते. साथीच्या त्या वर्षी ताप आला, छातीत उतरला, पुढे ओसरलाही. जाताना मात्र तो घ्राणेंद्रिय घेऊन गेला आणि हृदय दुबळे करून गेला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. तो आला नाही.

विश्वास आणि मी एका बाकावर शिकलो. पुढे मी पाठशाळेत गेलो आणि आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. तो रसायनशास्त्र शिकला आणि वारणेकाठच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट झाला. उसाच्या मळीतून स्पिरिट काढायचे, आणि त्यातला प्रत्येक वास, प्रत्येक चव काढून टाकायची, हे त्याचे काम. स्पिरिटला वास राहिला तर ते अशुद्ध. मला याचे नेहमी आश्चर्य वाटे. इतके तीक्ष्ण नाक लाभलेला माणूस वास पुसून टाकण्याची नोकरी करत होता. तो म्हणे, "आमचं स्पिरिट म्हंजे एका रातीत वाढलेलं पोर. अंगानं थोराड, अक्कल काय न्हाय."

म्हणूनच असेल, त्याचे मन जडले ते सिंगल माल्ट व्हिस्कीवर. जावई परदेशातून येताना बाटली आणी. ती हंगामातच उघडायची आणि रोज सायंकाळी बोटभरच घ्यायची, हा त्याचा नेम. मी तो पुष्कळदा पाहिला. तगरीच्या कळीसारखा तोंडाशी मिटत आलेला काचेचा पेला. त्यात सोन्याच्या जुन्या दागिन्याच्या रंगाचे ते द्रव्य. तो पेला उजेडाकडे धरी, हलकेच फिरवी, आणि काचेवरून ओघळणाऱ्या रेषा किती सावकाश उतरतात ते बघे. मग पेला खाली ठेवी. त्याला श्वास घेऊ द्यायचा, असे म्हणे. शेंगदाणे नाहीत, बर्फ नाही, गप्पा नाहीत. पेला नाकाशी नेताना ओठ किंचित विलग ठेवायचे, एकदम खोल हुंगायचे नाही, आधी दुरून, मग जवळून. त्यानंतर ड्रॉपरने पाण्याचे थेंब. थेंब पडला की आत मिटून बसलेले काही तरी उमलते, असे तो सांगे. पहिला घोट येईपर्यंत माझी कॉफी संपून कप वाळलेला असे.

त्याने मला कधी आग्रह केला नाही, मी त्याला कधी उपदेश केला नाही. आमच्यात हे न बोलताच ठरले होते.

मात्र सांगण्याची त्याला हौस होती. सातू भिजवून आपण मटकीला आणतो तसे मोड आणायचे, मग ते वाळवायचे. ही व्हिस्की जिथे होते तिथल्या काही बेटांवर झाडे कमी, तेव्हा जळणाला लाकूड कुठले? "माती जाळत्यात, शास्त्री. हजारो वर्सं पाण्यात कुजलेलं गवत, त्येची काळी माती. वाळवायची आन् जाळायची. त्यो धूर सातूत शिरतोय, आन् मग कवाच निघत न्हाय." मला हे ऐकून समाधान वाटले होते. न्यायशास्त्रात गंध हा पृथ्वीचाच गुण मानला आहे. जलाला स्वतःचा गंध नाही; पाण्याला वास आलाच तर तो त्यात मिसळलेल्या पृथ्वीचा. मी हे सांगितल्यावर तो मांडीवर थाप मारून म्हणाला होता की तुझ्या पंडितांना डिस्टिलरीत नोकरी द्यायला हवी होती.

ओकच्या पिंपात ते वर्षानुवर्षे पडून राहते आणि दरवर्षी त्यातला काही अंश हवेत उडून जातो. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. मी म्हटले, आपल्याही नैवेद्यातला कण कमी होत नाही, देव केवळ त्याचा गंध स्वीकारतो. त्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "म्हंजे तुजे देव आन् त्येंचे देवदूत एकाच पंगतीला. नुसत्या वासावर पोट भरत्यात."

वास गेल्यानंतर त्याच्या घरातले बोलणे आटले. त्याची बायको, माझ्या वहिनी, धीराच्या, बोलण्यात तिखट, रडणे त्यांच्या स्वभावात नाही. एकदा मात्र मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "कालवण करपलं तरी त्येंला कळंना, गुरुजी. खाली मान घालून जेवत्यात. नावं ठेवत न्हाईत आता."

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला त्याने मला बोलावून घेतले. टेबलावर त्या धुरकट बेटावरची बाटली होती, तळाशी चार बोटे उरलेली. त्याने पेल्यात थोडे ओतले, पण उचलले नाही. माझ्याकडे सरकवले.

त्याने जे सांगितले ते त्या दिवसापर्यंत त्याने वहिनींनाही सांगितले नव्हते. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले. त्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ होते. ते पुढे मोडले; चुलतभावाचे आताचे गुऱ्हाळ तर विश्वासचे नाक गेल्यावर सुरू झालेले. रात्रभर चाललेले चुलवाण पहाटे थंडावू लागले की वडील राख बाहेर ओढीत आणि काहील धुतलेले पाणी तिच्यावर ओतीत. विश्वास त्या वेळी घोंगडी पांघरून शेजारी बसलेला असे. त्या राखेचा वास त्याला अनेक वर्षांनी या बाटलीत सापडला होता. पहिल्यांदा सापडला त्या दिवशी पेला हातात घेऊन तो अंगणात जाऊन उभा राहिला होता.

"लई मागं असतोय," तो म्हणाला. "धुराच्या पल्याड. पाण्याचा थेंब पडल्यावर. आता मला ह्यातलं काय बी कळंना, तोंड नुसतं भाजतंय. तू हुंगून सांग. त्यो वास बाटलीत हाय, का माझ्या डोक्यात हुता? बाटलीत असंल तर जगात कुटं तरी हाय. डोक्यात असंल तर माझ्या नाकासंगं गेला."

आमच्या स्मृतिकारांनी मद्याचे आघ्राण करणेही दोषात गणले आहे. त्याहून जुना माझा स्वतःचा संस्कार आडवा येत होता. देवासाठी फुले तोडताना त्यांचा वास घ्यायचा नाही, हुंगलेले फूल उष्टे झाले, ते देवाला चालत नाही, हे वडिलांनी मला परडी हातात धरता येऊ लागली तेव्हापासून शिकवले. प्राजक्ताखाली वाकताना मी आजही श्वास रोखतो. आयुष्यभर सुगंधाच्या इतक्या जवळ राहून मी तो बुद्ध्या कधी घेतला नाही. गंध उगाळताना, धूप घालताना जो आपणहून आला तेवढाच माझा.

काही दिवस मी हा विचार देवापुढे बसून केला. उपभोग वेगळा आणि दुसऱ्यासाठी पाहणे वेगळे, असे मनाने घेतले. आंधळ्याला आपण वाचून दाखवतो, तसेच हे. नियम एवढाच केला की तिथून परतल्यावर थंड पाण्याने स्नान करायचे आणि मगच संध्येला बसायचे.

त्यानंतर दर आठवड्याला एकदा मी दुपारच्या एसटीने वडगावला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी वहिनींना त्याचे भारी कौतुक वाटले. मी पायरी चढत असताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "या गुरुजी. आयुष्यभर सोवळं सांभाळलं, आन् म्हातारपणी बाटली हुंगायला एसटीनं येताय व्हय? कंडक्टरला काय सांगता, पूजंला चाललोय म्हणून?" आतून विश्वास हसला. त्या घरात पुष्कळ दिवसांनी तो हसला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

माझे नाक शिकलेले नव्हते. पहिल्यांदा मी म्हणालो, औषधाचा वास. तो म्हणाला, औषध म्हणजे काय, खोकल्याचे की ढोराचे? मी पुन्हा हुंगून पाहिले. जखमेवर लावतात ते, तांबूस. "आयोडिन. बराबर. फुडं?" मग देवळामागच्या विहिरीतला शेवाळलेला दगड. मग लिंबाची साल. मग फार आत, मधासारखे काही. मग भिजलेली लोकरीची धाबळी, जी नेसून मी पावसाळ्यात पूजा करतो आणि जी कधी पुरती वाळत नाही. तो डोळे मिटून ऐके आणि एकेका शब्दासरशी त्याची मान हले. जणू अंधाऱ्या घरात कोणी एकेक दिवा लावीत चालले होते. धाबळी ऐकल्यावर मात्र डोळे उघडून म्हणाला, "तुजं नाक देवघरातनं भाईर पडतच न्हाय की रं."

त्याची एकच अट होती. सजवून सांगायचे नाही, आणि त्याला बरे वाटावे म्हणून तर मुळीच नाही. "खोटा वास सांगितलास तर मला कळायचा न्हाय," तो म्हणाला होता. "म्हणून तर तुला बलिवला. तू खोटं बोलत न्हाईस."

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. बाटलीतले द्रव्य खाली खाली येत होते आणि तोही. सुरुवातीला तो मला सोडायला रस्त्यापर्यंत येई, मग फाटकापर्यंत, मग खुर्चीतूनच हात वर करी. दर वेळी शेवटी तोच प्रश्न असे, आणि दर वेळी मी सांगे की अजून नाही. धूर होता, समुद्र होता, औषध होते. राख सापडत नव्हती. परतीच्या गाडीत मी खिडकीजवळ बसत असे. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत, कारखान्याचे दिवे दूर लुकलुकत, आणि सगळ्या शिवारावर काकवीचा वास पसरलेला असे. एवढा मोठा वास, आणि त्याला त्यातला कण मिळत नव्हता.

बाटली संपली तो दिवस माघातला. उन्हे उतरली होती. त्याने स्वतः ओतले, ड्रॉपरने पाणी घातले, आणि पेला माझ्यापुढे ठेवून बराच वेळ थांबायला सांगितले. मग मी तो उचलला. आधी दुरून. मग जवळून. धूर आला, तो जाऊ दिला. औषध आले, तेही जाऊ दिले. आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी तळाशी, मला एक असा वास आला की मी पेला खाली ठेवून पुन्हा उचलला. तो मला लहानपणापासून ओळखीचा होता.

मी म्हणालो, "विश्वास, होमकुंड शांत केल्याचा वास येतो आहे. पूर्णाहुती झाली की निखाऱ्यांवर दूध शिंपडतात, तेव्हा येतो तो."

तो पुढे वाकला होता. माझे ऐकून त्याचा चेहरा हळूहळू मावळला. "होम मी कवा केला, शास्त्री? त्यो तुजा वास हाय. गुऱ्हाळाचा बग की. राखंचा."

मी बघितले. खरोखर मनापासून बघितले. मला ठाऊक होते ते गुऱ्हाळ संध्याकाळचे. पाहुण्यांना घेऊन जावे, उकळत्या रसाची वाफ अंगावर घ्यावी, गरम काकवी द्रोणात घ्यावी, चिपाडाच्या धुराने डोळे चोळीत परतावे. कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळाचा वास ठाऊक असतो, यात विचारण्यासारखे काय आहे? त्यानेही ते गृहीत धरले आणि मीही. पेल्यात माझे ते गुऱ्हाळ नव्हते.

"नाही रे," मी म्हणालो. "तो नाही."

तो खुर्चीला टेकला. खिडकीबाहेर चुलतभावाच्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता. तिकडे पाहत तो म्हणाला, "बरं झालं, खरं बोललास. म्हंजे बा माज्या डोक्यातच हुता." मग वहिनींना हाक मारून त्याने पेला उचलून ठेवायला सांगितले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, पण त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

त्यानंतर मला फोन आला नाही. वास आला का, असे त्याने पुन्हा विचारले नाही. कारखान्याचा हंगाम संपण्यापूर्वी, माघ वद्यात, दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही.

यंदाच्या माघात वहिनींचा निरोप आला की वर्षश्राद्ध आहे. गावचे भटजी विधी सांगतील, पण तुम्ही शेजारी बसा. ह्यांना बरे वाटेल. मी आदल्या दिवशीच गेलो. इतक्या वर्षांत त्या घरी मुक्काम करण्याची ती पहिलीच वेळ. पहाट ही माझी पूजेची वेळ, ती मी आपल्या देवघराबाहेर सहसा काढलेली नाही.

सवयीने लवकर जाग आली. बोअरच्या पाण्याने स्नान केले, वहिनींकडून परडी घेतली आणि फुलांसाठी बाहेर पडलो. त्यांच्या परसात झेंडू होता. पांढरे फूल हवे होते, आणि तगरीची झाडे चुलतभावाच्या गुऱ्हाळाच्या कुंपणाला. दव पडले होते. उसाच्या पात्यांवर अजून उजेड आला नव्हता. मी कुंपणाशी उभा राहून एकेक फूल खुडत होतो, नेहमीप्रमाणे श्वास रोखून, मध्येच मान वळवून श्वास घेत. आणि अशाच एका श्वासाबरोबर मला वाटले, इथे कोणी तरी होम केला आहे.

मी इकडेतिकडे पाहिले. इतक्या पहाटे, शेतात, कोणाचा होम? पूर्णाहुती झाली होती, कुंडावर दूध शिंपडले होते, तोच तो वास. मी वासाच्या रोखाने वळलो. कुंपणापलीकडे चुलवाणाच्या तोंडाशी राखेचा ढीग ओढलेला होता. एक माणूस काहील धुऊन तिचे गढूळ, गोडसर पाणी बादलीने त्या राखेवर ओतत होता. राख सुस्कारे टाकीत होती. पांढरी वाफ जमिनीसरशी माझ्याकडे येत होती.

मी कुंपणाशी आणखी सरकलो. दूध काय आणि उसाचे पाणी काय, तापल्या राखेला दोन्ही सारखीच. त्याच्या वडिलांनी ज्या अग्नीवर पाणी ओतले आणि माझ्या वडिलांनी ज्या अग्नीवर दूध शिंपडले, त्यांच्यातून एकच गंध उठत होता. समुद्रापलीकडच्या कोणत्या तरी बेटावर जळलेली मातीही तेच बोलली होती. ते त्या पेल्यात होते. मी ते ओळखले होते, उच्चारले होते, त्याच्या हातावर ठेवले होते. त्याने कधी होम पाहिला नव्हता आणि मी कधी पहाटेचे गुऱ्हाळ पाहिले नव्हते. खिडकीतून दिसणाऱ्या या राखेपर्यंत आम्ही दोघे एका पहाटे चालत आलो असतो, तर पुरे होते.

मी परत आलो तेव्हा वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितले, "वहिनी, तो वास बाटलीतच होता. मी होमाचा म्हणालो तोच."

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांना सगळे ठाऊक होते हे मला तेव्हा कळले. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं हुतं त्येंला, दुसऱ्या कुणाला तरी इचारा. म्हणालं, शास्त्री न्हाय म्हणाला म्हंजे न्हाय." सुपाकडे पाहतच त्यांनी बोलणे पुरे केले. "मला नगा सांगू गुरुजी. आत हायत. त्येंस्नी सांगा."

आत भिंतीला टेकवून त्याची तसबीर ठेवली होती. पुढे पाट, समई, आणि एका बाजूला धुऊन पालथा घातलेला तो कळीच्या आकाराचा पेला. तो तिथे कोणी ठेवला हे मी विचारले नाही. मी पाटासमोर बसलो. 

परडी माझ्या हातातच होती. तगरीच्या पाकळ्यांवर राखेच्या वाफेचा ओलावा बसला होता. मी एक फूल उचलले आणि नाकाशी नेले. आधी दुरून, मग जवळून. फुलाचा स्वतःचा वास फार थोडा होता. त्याच्या मागे राख होती.

ती फुले मी तसबिरीपुढे ठेवली, आणि देवासाठी दुसरी आणायला पुन्हा बाहेर पडलो.